आठ फुटांचं माप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग तुरीच्या सवंगणीचे दिवस आले, मग आळस. आजचं निमित्त मात्र घरातलंच आहे. पुण्याहून भाचीचा फोन आला होता. तिच्या नव्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे मुलांना खेळायला वाळूचा चौकोन करायचा आणि फुलझाडांच्या वाफ्यांना कडेनं लाकडं लावायची, असं तिच्या मनात आहे. "मामा, तुम्ही झरीला केलं होतं ना तसं? फोटो पाहिला होता मी. कसं केलं होतं?"

मी म्हटलं, "कर, पण लाकूड जमिनीला टेकवू नकोस."

"अहो, मग लावणार कसं?"

याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. त्यात वडिलांचं घर येतं, अमेरिका येते, विंचू येतो आणि माझा धाकटा भाऊ येतो. म्हणून इथे लिहितो. भाची वाचेलच, आणि इतरांच्याही उपयोगी पडलं तर बरंच.

आमचं जुनं घर वडिलांनी १९५८ साली बांधलं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, आणि आत सगळं सागवान. तेव्हा आमच्या या भागात, म्हणजे झरी, जामणी, मुकुटबन आणि खाली पैनगंगेपर्यंत, सागाचं अप्रूप नव्हतं. जंगल दाराशी होतं. कोलामांच्या पोडांवर कुडाच्या घरांनासुद्धा खांब असायचे ते चांगल्या लाकडाचे. आमच्या घराला सहा खांब, चाळीसेक फाटे आणि दोन मयाली (तुळया म्हणा हवं तर). त्यातली ओसरीवरची मयाल सोळा फुटांची, एकसंध. ती इतकी खाली होती की मोठ्या माणसानं हात वर केला की लागायची.

या मयालीवर वडिलांच्या खाचा होत्या. वडील सहीपुरते शिकलेले. कापसाची बंडी भरून वणीच्या बाजाराला गेली आणि पैसे घेऊन परत आली, की ते विळ्याच्या टोकानं मयालीवर एक खाच पाडत. दर वर्षी नाही. मी चौथीत होतो त्या हंगामात कापूस उदंड झाला होता, त्या एकाच वर्षाच्या त्या खाचा. पुढे कधी तेवढा कापूस झाला नाही, आणि वडिलांनीही पुन्हा मोजला नाही. लहानपणी आम्ही दोघे भाऊ ओसरीवर उताणे पडून त्या मोजायचो. वीस होत्या.

मी नोकरीत असतानाच शेजारी स्लॅबचं घर बांधलं आणि जुन्यात कडबा, कुटार, मोडक्या खाटा असं सामान राहिलं. २०१८ च्या पावसाळ्यात त्याची मागची भिंत बसली. मग ते पाडावंच लागलं. लाकूड उतरवून आंगणात रचलं तर बघायला माणसं येऊ लागली. साठ वर्षांचं वाळलेलं सागवान आता कुठे मिळतं? एका व्यापाऱ्यानं चांगला भाव सांगितला. नागपूरला भावाला फोन केला. घर दोघांचं, लाकडातही त्याचा अर्धा वाटा. तो म्हणाला, "दादा, मला पैसे नको. तुला विकायचं तर विक, ठेवायचं तर ठेव. फक्त वाया घालवू नको."

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता जरा अमेरिकेत जाऊ. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे ओहायोला गेलो होतो. तिथे घरामागे हिरवळ. कुंपण नाही, कुपाटी नाही, याच्या गवतातून त्याच्या गवतात चालत जा. एका शनिवारी मुलगा मला होम डेपो नावाच्या दुकानात घेऊन गेला. दुकान कसलं, आपल्या जिनिंग फॅक्टरीएवढी शेड! तिथून आम्ही 'लँडस्केप टिंबर' आणले. म्हणजे आठ-आठ फुटांचे दांडे, वरून-खालून सपाट आणि बाजूंनी गोलसर. मी विचारलं, हे असे अर्धवट गोल का? तर प्लायवूड करताना ओंडका फिरवत त्याची साल काढल्यासारखा पातळ पापुद्रा सोलत जातात, आणि शेवटी मधे जो दांडा उरतो त्याचे हे होतात. म्हणजे आपल्याकडे पऱ्हाट्या जाळतात तसं ते उरलेलं वाया जाऊ देत नाहीत. मास्तराला असलं काही कळलं की फार आनंद होतो.

ते लाकूड पाईनचं, मऊ. तसंच जमिनीत घातलं तर दोन वर्षांत कुजेल. म्हणून ते कारखान्यात दाबाखाली औषधात मुरवलेलं असतं. मुलानं सांगितलं की पूर्वी त्या औषधात तांब्याबरोबर आर्सेनिक, म्हणजे सोमल असायचं. मुलं त्यावर खेळतात, हात तोंडात घालतात, म्हणून घरगुती वापरासाठी तसलं लाकूड बनवणं तिथे २००३ च्या अखेरीस थांबलं. आता तांब्याचीच वेगळी औषधं असतात.

दोन दिवस आम्ही बापलेक खपलो. चर खणला, दांडे मांडले, भोकं पाडून त्यातून दोन-दोन फुटांच्या लोखंडी सळ्या जमिनीत ठोकल्या. आत लाकडाचा चुरा पसरला, चांगला नऊ इंच जाड, पोरगं घसरगुंडीवरून पडलं तर लागू नये म्हणून. नातू तेव्हा तीन वर्षांचा. दांड्यावरून तोल सांभाळत चालायचा आणि टोकाला पोचला की टाळ्या वाजवायचा. मुलाशी इतकं जवळून, शब्द न बोलता काम मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. तो शाळेत असताना मी त्याचा बाप कमी आणि गुरुजी जास्त होतो. ते दोन दिवस मनात घर करून बसले.

म्हणून २०१९ मध्ये मुलानं सांगितलं की डिसेंबरात येतोय, तेव्हा आंगणातल्या रचलेल्या सागवानाकडे पाहून माझ्या डोक्यात तो चौकोन आला. तिकडे विकतचा पाईन, इथे बापाचं सागवान. नातू आपल्या पणजोबांच्या घरावरून चालेल! कल्पना इतकी गोड होती की तिच्यापुढे दुसरं काही दिसेना.

गावच्या वाढयाला बोलावलं. वय माझ्याच बरोबरीचं, हातात वाकस धरली की अजून काटा हलत नाही. त्यानं रास पाहिली, माझा कागदावरचा नकाशा पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, लाकूड मातीत घालून राह्यले? उधईले जेवण देता काय जी?"

मी म्हटलं, सागाला उधई लागत नाही.

"गाभ्याले नाही लागत. बाहेरचं पांढरं खाते ना! अन् हे मयाल कायले कापता? सोळा फुटाची हाय. अख्खी राहू द्या."

"नाही. आठ फुटाचे तुकडे पाह्यजे."

"आठच कायले?"

आता याला काय सांगणार? मी नकाशावर आठ लिहिलं होतं, कारण तिकडे आठ फुटांचे मिळतात. आमच्या आंगणाचा, आमच्या लाकडाचा त्या आठशी काही संबंध नव्हता. पण मी पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, एकदा लिहिलं की खोडत नाही. "आठच," म्हटलं. त्यानं मान हलवली आणि करवत लावली. मयाल साठ वर्षांच्या धुरानं काळी झालेली, वर चुन्याचे पोपडे, त्यात पालथी ठेवलेली. खाचा दिसत नव्हत्या. दिसत नव्हत्या हे खरं, पण मला माहीत होत्या हेही खरं. त्या दिवशी आठवल्या नाहीत, एवढंच.

मधेच एकानं सुचवलं की वणीकडे भंगारात रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळतील, ते शंभर वर्षं सडत नाहीत. सडत नाहीत ते त्यात मुरवलेल्या क्रिओसोटमुळे. डांबराचाच भाऊ तो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ते पाझरायला लागतं आणि कातडीला लागलं तर चांगलं नाही. युरोपात तर २००३ पासून ते घरगुती वापराला आणि मुलांच्या खेळाच्या जागेत बंद आहे. मी मोठ्या ऐटीत हे सगळं त्याला समजावून सांगितलं. आणि चार दिवसांनी काय केलं? उधईच्या भीतीनं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आणून सगळ्या दांड्यांना खालून फासलं! आमच्याकडे सगळेच फासतात, कुंपणाच्या बल्ल्यांना, गोठ्याच्या खांबांना. त्यावर पोरं बसणार आहेत हे ध्यानातच आलं नाही. नातू आला, पहिल्याच दिवशी हात काळे, चड्डी काळी, सुनेचा चेहरा त्याहून काळा. हिनं मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मग रंध्यानं, विटेच्या तुकड्यानं घासून ते जमेल तेवढं काढलं.

तरी बारा दिवस पोरं मनसोक्त खेळली. नाल्याची वाळू चाळून आत टाकली होती. (रात्री ताडपत्री झाकायला विसरू नका. गावातल्या सगळ्या मांजरींना वाळूचा पत्ता लागतो.) कडुनिंबाला दोराचा झोका. कडेच्या वाफ्यांत झेंडू, वांगी आणि हिचा कढीपत्ता. मुलानं फोटो काढून सगळ्यांना पाठवले, भाचीनं पाहिला तो त्यातलाच. भावानंही पाहिला. "छान," एवढंच लिहिलं.

मग २०२० चा मार्च. शाळा बंद. तिकडून कोणी येणार नव्हतं, इथून कोणी जाणार नव्हतं. चौकोन ओस पडला. पण फार दिवस नाही. शेजारची पाच-सहा पोरं आधी कुपाटीआडून बघायची, मग आत आली. घरात फोन असलाच तर एक, तो बापाच्या खिशात, ऑनलाइन शाळा कुठली? मी वाळूवर काडीनं अक्षरं गिरवून घेऊ लागलो. दांड्यावर बसून पाढे. चुकलं की वाळूवर हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचं. पाटीपेक्षा बरं. निवृत्त झाल्यावर इतका उपयोगाचा मी कधी वाटलो नव्हतो स्वतःला.

आमची माती काळी. उन्हाळ्यात ती फाटते, भेगांत हात जाईल इतकी, आणि पावसाळ्यात फुगते. सळ्या ठोकून घट्ट बसवलेले दांडे एप्रिल-मेमध्ये मातीपासून सुटले, खाली बोटभर फट पडली. पहिला पाऊस झाला तशी माती फुगली आणि दोन कोपरे वर उचलले गेले. मी पाहत होतो. म्हणत होतो, दिवाळीनंतर बघू.

जुलैच्या एका संध्याकाळी पोरं कंचे खेळत होती. एक कंचा दांड्याखालच्या फटीत गेला. शेजारचा पोरगा, सात वर्षांचा, त्यानं हात घातला.

त्याची किंकाळी अजून कानात आहे. इंचू लाल होता, लहानसाच. अर्ध्या तासात पोरगा घामानं भिजला, उलट्या सुरू झाल्या, हातपाय थंड. कोणीतरी म्हणालं, झाडफूक करणाऱ्याला बोलवा. मी आयुष्यात वर्गाबाहेर इतका ओरडलो नसेन. शेजारच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे गोळी दिली, रात्रभर ठेवलं. ती गोळी प्राझोसिन. मुळात रक्तदाबाची. लाल विंचवाच्या दंशावर ती चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. त्याआधी असे दंश झालेली कितीतरी पोरं हृदय थकून जायची. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मात्र मला गोळीचं नाव माहीत नव्हतं. दवाखान्याच्या बाहेर ओट्यावर तोंडाला रुमाल बांधून बसलो होतो. त्याची आई शेजारी. ती मला काहीच बोलली नाही. पहाटे पोरगा "माय, पाणी" म्हणाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नशीब चांगलं पोराचं, गुरुजी." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो, सब्बल घेतली आणि दांडे उपटायला लागलो. सत्तरीचा म्हातारा, पावसात. हिनं वाढयाला बोलावून आणलं. सगळे दांडे निघाले. खाली आणखी तीन इंचू. पांढऱ्या लाकडाची उधईनं चाळण केली होती आणि एका वर्षात! गाभा मात्र तसाच, वाकसीनं मारलं तर खणखण वाजणारा. वाढई "म्या सांगतलं होतं" असं म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. लाकडं भिंतीला टेकवून ठेवली. पोरांना आंगणात यायला मी मना केलं.

जानेवारी २०२१ मध्ये भाऊ आला. दोन वर्षांनी. चहा व्हायचा होता, तो सरळ लाकडांकडे गेला. एकेक उलटून पाहिलं. पावसानं धूर आणि चुना धुऊन निघाला होता. त्याला खाच सापडली. मग दुसरी. मग टोक.

"हे कोणी कापलं?"

"मी."

"आठ फूट का?"

मी खरं ते सांगितलं. "तिकडे आठ फुटांचे मिळतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर उत्तर होतं माझ्याकडे. त्यानं दोन्ही तुकडे जमिनीवर टोकाला टोक लावून ठेवले आणि बोटानं खाचा मोजल्या. एकात अकरा, दुसऱ्यात आठ. एक करवतीनं खाल्ली होती. तो आत गेला, जेवला नाही, लवकर झोपला. आम्ही भाऊ तसे कधी भांडलो नाही. घर पाडतानाही नाही. त्या रात्री मला वाटलं, आता भांडण झालं, फक्त आवाज झाला नाही.

सकाळी उठून पाहतो तर तो अंगणात तारेचा ब्रश घेऊन लाकूड घासतोय. वाढई शेजारी विडी ओढत बसलेला. दोघांचं काहीतरी ठरलं होतं. मला विचारलं नाही कोणी.

भाचीबाई, आता तुझं उत्तर. जमिनीला लागणारी कड दगडाची कर. आम्ही मुकुटबनकडून चुनखडीच्या फरशीचे तुकडे आणले, ते निम्मे जमिनीत उभे गाडले. त्याआधी काळी माती दीड फूट खणून काढली आणि मुरूम भरून ठोकला. मुरूम फुगत नाही, फाटत नाही. तुझ्याकडेही काळी माती असेल तर हे आधी कर. वाफ्यांनाही दगडच. लाकूड त्याच्यावर नाही, त्याच्या बाजूला, दोन गोट्यांवर फूटभर उंच ठेवायचं, बसायला आणि तोल सांभाळत चालायला. गोटे पक्के बसव, लाकूड हललं नाही पाहिजे. वाढयाचा नियम एकच, आडवं लाकूड असं ठेवा की खालून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसतो तिथे झाडू फिरतो, आणि झाडू फिरतो तिथे इंचू राहत नाही. झोक्यासाठी उभा खांब रोवलास तर बूड कोळसा होईपर्यंत जाळून मग रोव, आपले जुने लोक तसंच करत. पांढरं लाकूड असेल तर आधीच तासून टाक. ऑइल, डांबर, काही नको. फार तर जवसाचं तेल चोळ. आणि माप आंगणात घे. तुझ्या आंगणात.

शेजारचा पोरगा फेब्रुवारीत परत आला. आधी कुपाटीजवळ उभा राहिला. मग वाकून लाकडाखालून पलीकडे पाहिलं. मग आत आला. आता तो मोठ्या शाळेत जातो आणि वाळूकडे ढुंकूनही बघत नाही. नातूही मोठा झाला, २०२३ मध्ये आला तेव्हा सगळा वेळ त्या लाकडावर बसून फोन बघत होता. असो. लहान पोरांची भरती गावात कधी थांबत नाही. त्यांना तो चौकोन, तो झोका आणि मयालीचे दोन तुकडे एवढं पुरतं.

दोन्ही तुकडे भावानं एका ओळीत ठेवलेत, मधे वीतभर जागा सोडून. नवं पोरगं आलं की खाचांवरून बोट फिरवतंच. मोजतंच. भाऊ आता दर दिवाळीला येतो आणि तिथेच चहा घेत बसतो. पोरं मोजून ओरडतात, "एकोणीस!"

"वीस," तो म्हणतो. "पुन्हा मोजा."